चौदा ऑक्टोबरचा वार

लातूरहून आलेल्या त्या निळ्या आंतरदेशीय पत्राला सोनकांबळे सरांनी कधीच उत्तर दिलं नव्हतं. एकोणतीस वर्षं झाली. ते पत्र विसरलं गेलं असं म्हणता येणार नाही. घरातल्या एखाद्या नीट न लागणाऱ्या खिडकीची सवय व्हावी तशी त्याची सवय झाली होती. वारा आला की ती वाजायची, एवढंच. बुधवारी दुपारी सव्वादोनला ती वाजली. बाहेर नांदेडचं एप्रिलचं ऊन गल्लीतल्या पत्र्यांवर तापत होतं. सर कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून, ओले हात बनियनला पुसत संगणकासमोर बसले, आणि पडद्यावर एक नवा निरोप दिसला. इंग्रजीत होता, दोनच वाक्यं. 'माझ्या कामात चूक असेल तर ती कोणत्या ओळीत आहे एवढं सांगाल का? मी पुन्हा पुन्हा पाहिलं, मला सापडत नाही.' सरांनी तो वाचला आणि खुर्ची मागे सरकवून ते उठले. स्वयंपाकघरापर्यंत गेले, तांब्याला हात लावला, पाणी न पिताच परत आले. वाक्य तिथंच होतं. आपण ते इंग्रजीत वाचतो आहोत की मराठीत हे त्यांना क्षणभर कळेना, कारण मराठीत ते त्यांना पाठ होतं, अक्षरांच्या वळणासकट : 'सर, माझा प्रोग्राम चुकला असेल तर कोणत्या ओळीत चुकला ते कळवा.'

सरांचं हे निवृत्तीनंतरचं काम लोकांना समजावून सांगणं कठीण होतं. त्यांची बायको महामाया शेजारणींना सांगायची, 'ते कॉम्प्युटरच्या चुका धरतेत,' आणि ते तसं खरंच होतं. डीबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममधल्या चुका शोधायला मदत करणारा प्रोग्राम. चालता प्रोग्राम तो मध्येच थांबवतो, आतल्या कोणत्या कप्प्यात कोणता आकडा आहे ते दाखवतो, आणि मग एकेक पाऊल पुढे नेतो. हा डीबगर कुठल्या कंपनीचा नव्हता. जगभरातली चाळीस-पन्नास माणसं तो मिळून लिहीत आणि फुकट वाटून टाकत. कुणी काही बदल पाठवला की दुसऱ्या कुणीतरी तो ओळ न् ओळ वाचायचा, स्वतःच्या यंत्रावर चालवून बघायचा, आणि मगच तो आत घ्यायचा असा तिथला रिवाज. सर त्यात शिरले ते मदतीच्या पानांवरच्या स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करत. सात वर्षांत ते कधी वर सरकले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. आता बदल अडवण्याचा अधिकार असलेल्या पाच जणांत त्यांचं नाव होतं. अडवल्याची खूण ज्याने लावली त्यानेच ती काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा नियम. सरांना ही जागा आवडायची. इथं बोलावं लागत नसे. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांचा घसा आजही कोरडा पडायचा, पण इथं लिहून, खोडून, पुन्हा लिहून मग पाठवता येत होतं. शिवाय इथं त्यांचं आडनाव वाचून कुणी क्षणभर थांबत नसे. त्या थांबण्याचा हिशेब सरांनी जन्मभर मनात ठेवला होता.

आजचा निरोप ज्या बदलाबद्दल होता तो मोठा होता. डीबगरला तो मागे चालायला शिकवत होता. एखाद्या कप्प्यात चुकीचा आकडा सापडला, की तो तिथं कधी आला, कुणी ठेवला, हे बघायला प्रोग्राम उलट्या पावलांनी चालवत न्यायचा. पाठवणाऱ्याचं नाव कळायला मार्ग नव्हता. नावाच्या जागी किटली असा इंग्रजी शब्द आणि एका चेपलेल्या किटलीचं चित्र. बाई की बुवा, विशीतलं माणूस की साठीतलं, कुठल्या देशातलं, काही माहीत नाही. पण लिहिणं फार नेटकं. सोबतच्या टिपणात किटलीने एक इशारा दिला होता तो सरांनी दोनदा वाचला होता : मागे जाताना आतलं सगळं पूर्वीसारखं होतं, पण प्रोग्रामने जे एकदा बाहेर छापलं, बाहेर पाठवलं, ते परत घेता येत नाही. फेब्रुवारीअखेर सरांनी तो बदल पहिल्यांदा चालवला, तेव्हा चौथ्या मागच्या पावलावर आकडा चुकत होता. त्यांनी अडवल्याची खूण लावली, अतिशय नम्रपणे कारण लिहिलं. तीन दिवसांत किटलीची दुरुस्ती आली. सरांनी चालवून बघितली. आकडा तोच. 'अजून चुकतंय,' त्यांनी कळवलं. पुन्हा दुरुस्ती आली. पुन्हा तोच आकडा. तिसऱ्यांदाही तेच. मग अकरा दिवसांपूर्वी, दुसरंच काही शोधताना, सरांची नजर आपण चालवत असलेल्या फायलीच्या तारखेवर पडली. फाइल फेब्रुवारीची होती.

माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करावं लागतं. त्याला कंपाइल करणं म्हणतात. लिखाण बदललं की पुन्हा कंपाइल करायचं, नाहीतर यंत्र जुनंच चालवत बसतं. पहिल्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात सर हे शिकवत, फळ्यावर दोन चौकोन काढून. त्यांनी किटलीची प्रत्येक दुरुस्ती उतरवून घेतली होती, चष्मा वर-खाली करत वाचली होती, आणि चालवला होता तो मात्र फेब्रुवारीतला जुनाच. त्या दिवशी त्यांनी पहिलीपासून एकेक दुरुस्ती कंपाइल करून चालवली. आकडा बरोबर आला. किटलीची पहिलीच दुरुस्ती बरोबर होती. त्यानंतरच्या दोन दुरुस्त्या म्हणजे बरोबर असलेलं दोनदा मोडून पुन्हा उभारणं होतं. शेवटचं लिखाण चालत होतं, पण सुरुवातीचा सरळपणा त्यात राहिला नव्हता. जागोजागी नको तितक्या तपासण्या घातल्या होत्या. रात्री कडी लावून झाल्यावर पुन्हा उठून कडी बघणाऱ्या माणसासारख्या. ती भीती आपण त्या ओळींत घातली, हे सरांना दिसत होतं. दोन ओळी लिहून खूण काढायची, एवढंच काम. अकरा दिवस ते रोज सकाळी त्या दोन ओळी लिहीत आणि खोडत. शुक्रवारी संध्याकाळी नव्या आवृत्तीचं दार लागणार होतं. जे आत गेलं नाही ते आठ महिने बाहेर.

"काय करून राहिलेत?" आतल्या खोलीतून महामायाचा आवाज आला. "तिसऱ्यांदा उठलात. पोट बिघडलं का?"

"नाही."

"मग बसा की एका जागी. तुमच्या येरझाऱ्या माझा डोळा बी लागू देईनात." ती दारात येऊन उभी राहिली. महामाया हिमायतनगरच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. माणूस दुखणं लपवतोय हे ती दारातूनच ओळखायची. "काय झालंय?"

सरांनी पडद्याकडे बघत विचारलं, "एखाद्याची चूक नसताना आपण चूक म्हणून सांगितलं, आणि मग आपल्याला कळलं, तर?"

"तर सांगायचं, माझं चुकलं म्हणून. त्याला काय पंचांग बघायचंय? कोण हाय ते?"

"आहे कुणीतरी. ओळखीचं नाही."

"वळखीचं बी न्हाई त्याच्यासाठी इतका घोर! वळखीच्या पोरीला तर तीस वर्सं जवाब दिला न्हाई तुम्ही."

कूलरचा पंखा मध्येच अडखळल्यासारखा वाजला. सरांनी मान वळवली. पत्राबद्दल तिला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"पुस्तकं दर साली उन्हात कोण घालतंय?" महामाया म्हणाली. "त्या जाड्या बुकात हाय ना ते? एकदा वाचलं, मग दर साली वाचायची आदत लागली. लई सुंदर अक्षर हाय पोरीचं."

"तू कधी विचारलं नाहीस."

"म्हणलं, हे स्वतः सांगतील तवा सांगतील. फुरसत काढून." आणि ती पुन्हा आत जाऊन आडवी झाली. तिची पाठ दारातून दिसत होती. सरांना वाटलं, आपल्या आयुष्यात आपण एकटेच काही दडवून बसलो आहोत असं समजत होतो, आणि दडवलेल्या वस्तूला दर वर्षी ऊन मात्र दुसरंच कुणी देत होतं.

त्यांनी कपाटातलं जाड पुस्तक काढलं. पत्र घडीवर विरलं होतं. 'आदरणीय सोनकांबळे सर, सविनय जय भीम.' पंचशीला. तिसऱ्या बाकावर बसायची, प्रश्न विचारताना आधी उभी राहायची. ते खाजगी तंत्रनिकेतन आता नाही; तिथं मंगल कार्यालय झालंय आणि जिथं संगणकाची खोली होती तिथं नवरीची खोली आहे असं सर ऐकून होते. तेव्हा त्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. साऱ्या इमारतीत थंड हवा फक्त तिथं, त्यामुळे तिथं शिरताना मुलं देवळात शिरल्यासारखी आवाज बारीक करत. प्रात्यक्षिक परीक्षेत पद्धत अशी, की मुलाने प्रोग्राम लिहायचा, मग हात मागे बांधून खुर्चीतून उठायचं; तिथं सरांनी बसायचं आणि प्रोग्राम चालवायचा. बाहेरगावचे परीक्षक मागे उभे. दिलेल्या तारखेला कोणता वार होता हे सांगणारा प्रोग्राम होता तो. सकाळपासून सोळा मुलांचे सरांनी तपासले. घाईत मुलं शेवटची दुरुस्ती करतात आणि कंपाइल करायचं विसरतात, हे ठाऊक असल्यामुळे ते प्रत्येकाला विचारत होते, 'पुन्हा केलं का?' नाही म्हणाला तर दोन मिनिटं देत होते. सतरावी पंचशीला.

तिला त्यांनी विचारलं नाही.

हे आठवताना सरांना परीक्षकांचा चेहरा आठवायचा नाही, त्यांच्या पायांतले मोजे आठवायचे. चपला-बूट बाहेर असल्यामुळे सगळेच अनवाणी नाहीतर मोज्यांवर होते. परीक्षकांच्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. त्या भोकाकडे बघत सर तिच्या खुर्चीत बसले. परीक्षकांनी एक तारीख सांगितली, वार चुकीचा आला. तेव्हा पंचशीला मागून म्हणाली, 'सर, चौदा ऑक्टोबर एकोणीसशे छप्पन टाकून बघा. रविवार यायला पाहिजे. तो मला माहीत आहे.' त्या खोलीत ती तारीख उच्चारली गेली आणि सरांच्या मानेवरून काहीतरी गार सरकलं. ती तारीख त्या खोलीत फक्त दोघांच्या घरची होती. नागपूरला त्या दिवशी धम्मदीक्षेच्या गर्दीत आपले वडील उभे होते आणि परतीच्या प्रवासात त्यांनी गळ्यातला दोरा तोडून खिडकीबाहेर टाकला, हे सरांनी लहानपणी शंभरदा ऐकलं होतं. आदल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये कुणीतरी हसत म्हणालं होतं, 'सोनकांबळे, आता तुमच्या लोकांना कॉम्प्युटरही तुम्हीच शिकवणार म्हणा.' सगळे हसले होते. सरही हसले होते. त्यांची नोकरी सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर चालत होती. त्यांनी ती तारीख टाकली. पडद्यावर शनिवार उमटला. पंचशीला काहीतरी बोलणार होती. सर तिच्याकडे न बघता म्हणाले, 'पुढचा.'

पत्र दोन आठवड्यांनी आलं. तिने एकतीस ओळींचा पूर्ण प्रोग्राम हाताने लिहून पाठवला होता, आतल्या घडीवर, अगदी लहान अक्षरांत. 'मी शेवटी लीप वर्षाची ओळ सुधारली होती, पण तुम्ही खुर्चीत बसलात तेव्हा कंपाइल करायचं राहिलं होतं असं मला वाटतं. मला मार्क नकोत. सर, माझा प्रोग्राम चुकला असेल तर कोणत्या ओळीत चुकला ते कळवा. बरोबर असेल तर तेवढंच लिहा, की बरोबर होता.' सरांनी एका सुटीच्या दिवशी खोली उघडवून तो प्रोग्राम टाइप केला, कंपाइल केला, चालवला. मग घरी येऊन उत्तर लिहायला बसले. एकंदर सात उत्तरं लिहिली. 'निराश होऊ नकोस' असं एकात होतं. 'पुन्हा परीक्षेला बस, मी मार्गदर्शन करीन' असं दुसऱ्यात. मास्तरकीच्या भाषेला काय तोटा? मागितलेली दोन अक्षरं मात्र सातांपैकी एकातही उतरली नाहीत, कारण ती लिहिली असती तर त्यांच्या शेजारी दुसरंही लिहावं लागलं असतं, की मला हे कळलं आहे आणि तरी मी काही करणार नाही.

पाच वाजता शेषेराव आले. ते त्याच कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई होते. मूळचे भोकरकडचे, शेती मुलांकडे सोपवून नांदेडात राहिलेले. दर बुधवारी चहाला यायचे. आज हातात धर्माबादच्या लाल मिरचीची पिशवी होती.

"वहिनी, मिरची घ्या. लई जहाल हाय, सरांना देऊ नका. आधीच अंगात दम न्हाई."

"दमाचं कुठलं," महामाया म्हणाली, "दिसभर घरात फेऱ्या मारून राहिलेत. त्या पंचशीलाचं पत्र काढून बसलेत."

सरांना वाटलं जमीन दुभंगावी. पण शेषेराव बशीत चहा ओतत सहज म्हणाले, "म्हंजी रविवारची पोरगी?"

"कोणती रविवारची?" सरांनी विचारलं.

"आता बगा! कुलूप म्याच काढलं व्हतं की त्या दिवशी. तुम्ही यंत्रावर बसलात, छापायचं मशीन करकर करकर वाजलं, कागदावर 'रविवार' छापून आला. म्या म्हणलं, सर खूश व्हतील, आजचाच वार आलाय. तुम्ही कागद टराटरा फाडला अन् खिशात घातला."

"तुम्ही कधी बोलला नाहीत, शेषेराव."

"तुम्ही कधी इचारलं?" शेषेरावांनी चहाचा घोट घेतला. "साहेब लोकांचं काम, आपल्याला काय कळतंय त्यातलं. पण एक गोष्ट म्या ऐकली व्हती, सर. खोटं का बोलू? सोळा पोरांना तुम्ही इचारलं, 'पुन्हा केलं का?' तिला न्हाई इचारलं. म्या दारात चपला लावत व्हतो."

महामायाने मिरचीची पिशवी उचलून आत नेली. एवढी वर्षं सरांची समजूत होती, की त्या खोलीत तो न विचारलेला प्रश्न फक्त त्यांनाच ऐकू आला. त्यांनी स्वतःला कितीदा समजावलं होतं : विसरलो, दमलो होतो, सोळा झाले होते. आणि कधी कधी, फार एकटं असताना, दुसरं : आपल्या समाजाच्या मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून आपण तिला इतरांइतकंही दिलं नाही. चपला लावणाऱ्या माणसाला हे तेव्हाच कळलं होतं.

"तिचं पुढं काय झालं?" सरांनी विचारलं, जसं काही त्यांना माहीतच नव्हतं.

"आलीच न्हाई परत. त्याच महिन्यात लातूरला दिली म्हणे."

सरांना माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी महामायाचा भाऊ वारला तेव्हा त्याच्या पुण्यानुमोदनाला ते लातूरला गेले होते. दुपारी पाय मोकळे करायला म्हणून गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेत गेले, तर तिथून फुटणाऱ्या एका रस्त्यावर पाटी दिसली : पंचशीला मोटार रिवाइंडिंग. आत एक बाई जमिनीवर पाय पसरून, पंपाच्या मोटारीत तांब्याची तार भरत बसली होती. सर रस्त्याच्या अलीकडे एका भांड्यांच्या दुकानापाशी उभे राहिले. दुकानदाराने तीनदा काय पाहिजे विचारलं तेव्हा एक चहाची गाळणी विकत घेऊन परत आले. ती गाळणी अजून घरात होती. शेषेरावांचा चहा आत्ता तिच्यातूनच गाळला होता.

गुरुवारी सकाळी दात घासायच्या आधी सर संगणकासमोर बसले. त्यांनी लिहिलं : 'चूक तुमच्या कोणत्याच ओळीत नाही. चूक माझी आहे. तुमच्या पहिल्या दुरुस्तीनंतर मी कंपाइल न करताच जुना डीबगर चालवत राहिलो.' इथपर्यंत सोपं गेलं. मग बोटं थांबली. ते उठले, बाल्कनीत गेले. खाली भाजीवाला शेपू-मेथी ओरडत होता. परत बसून त्यांनी पुढचं वाक्य लिहिलं : 'हे मला बारा दिवसांपूर्वी कळलं होतं.' ते खोडलं. खोडल्यावर उत्तर किती स्वच्छ, किती सभ्य दिसत होतं. बारा दिवसांबद्दल किटलीला कधीच कळणार नव्हतं. सरांनी ते वाक्य पुन्हा लिहिलं, खूण काढली, आणि पाठवायची कळ दाबून डोळे मिटून घेतले. कशाची वाट बघत होते कोण जाणे. बहुतेक कुणीतरी हसण्याची.

उत्तर तासाभरात आलं. 'सांगितल्याबद्दल आभार. बारा दिवसांचा राग आला, खोटं बोलत नाही. पण मी ती एक ओळ चाळीस वेळा तरी तपासली असेल. हे काम आपल्याला जमत नाही असं मी धरून चाललं होतं. आता पहिली सरळ आवृत्ती परत टाकायची का?' सरांनी कळवलं, टाका, मी आजच बघतो. दुपारी ती आली. त्यांनी आधी कंपाइल केलं, पूर्ण होईपर्यंत पडद्यावरून नजर हलवली नाही, आणि चारला ती मंजूर केली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चाळीस वेळा, हा आकडा त्यांच्या मागेच लागला. सात आठवड्यांत चाळीस. मग एकोणतीस वर्षांत किती? की ती दुसऱ्याच दिवशी विसरली? आपण आज तिला लिहिणं म्हणजे आपल्या मनाची सोय तर नव्हे? त्यांनी हे महामायाला विचारलं, अर्धंमुर्धं.

"ती विसरली का न्हाई ते तिचं ती बघंल," महामाया पोळी लाटता लाटता म्हणाली. "तिनं इचारलं, जवाब तुमच्याकडं हाय. किती दिस सांभाळणार? तुमच्या मागं मलाच पोचवावा लागंल, अन् माझं अक्षर चांगलं न्हाई."

शुक्रवारी सर पोस्टात गेले. खिडकीतल्या माणसाने खालचा खण बराच वेळ उचकला तेव्हा एक आंतरदेशीय निघालं. तिथंच, डिंकाने चिकट झालेल्या बाकावर, साखळीला बांधलेल्या पेनाने सरांनी लिहिलं. आठवं उत्तर सगळ्यांत लहान होतं.

'पंचशीला यांस, जय भीम. तुमचा प्रोग्राम बरोबर होता. एकतिसांतली एकही ओळ चुकलेली नव्हती. चौदा ऑक्टोबर एकोणीसशे छप्पनला रविवारच होता, आणि तुमच्या प्रोग्रामने तो बरोबर सांगितला. मी कंपाइल न करता चालवला. बाकी सोळा जणांना मी विचारलं होतं, तुम्हाला विचारलं नाही. ते विसरून नव्हे. लोक काय म्हणतील या भीतीने. तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी चालवून बघितलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं. आनंदराज सोनकांबळे.'

पत्ता लिहून झाला, घडी चिकटवली. पेटी दारातच होती. पण सरांना वाटलं, इतक्या वर्षांनी हे पेटीत टाकणं म्हणजे पुन्हा लपणंच. हातात द्यावं. खिशात पत्र ठेवून ते तसेच बसस्टँडवर गेले आणि लातूरच्या गाडीत बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. खिडकीची काच खडखडत होती. गरम वारा तोंडावर येत होता, आणि दर गावाला सर शर्टाच्या खिशावर हात ठेवून बघत होते. तिच्यासमोर म्हणायचं पहिलं वाक्य त्यांनी चाकूरपर्यंत नऊ तऱ्हांनी जुळवलं. लातुरात उतरले तेव्हा नऊपैकी एकही आठवत नव्हतं.

गोलाईला दोन वळसे झाले. मग तो रस्ता, ती पाटी. पाटीला नवा रंग दिलेला. पंचशीलाचे केस कानांपाशी पांढरे झाले होते. नाकावर चष्मा, हातात काळं पडलेलं पेचकस. समोर औशाकडचा कुणी माणूस उघडलेली मोटार घेऊन उकिडवा बसला होता.

"बाई, कालपतूर मस्त चालू व्हती हो. आज काय झालं तिला काय माहीत."

"मोटार खोटं बोलत नसती, मामा. तुम्ही कोरडी चालवली, बोलून टाका."

"न्हाई ओ, आईच्यान!"

"हिकडं या. चष्मा हाय का? ह्यो घ्या माझा." तिने स्वतःचा चष्मा काढून त्याच्या हातात दिला आणि मोटारीच्या पोटात बोट घातलं. "हे बगा. बाकी सगळं गुंडाळणं चांगलं हाय. इथं, ही एक तार. इथं जळालंय. दिसलं? दिसल्याबिगर हाव म्हणू नका."

तो माणूस वाकून बघत राहिला. ती थांबली, त्याला दिसेपर्यंत थांबली. रस्त्याच्या अलीकडे, त्याच भांड्यांच्या दुकानापाशी, सर उभे होते. मध्ये फार तर वीस पावलं. एक टेम्पो गेला, एक ऊस-रसाची गाडी गेली, रस्ता पूर्ण मोकळा झाला. सरांनी पाय उचलला आणि खाली ठेवला. मागून दुकानदार म्हणाला, "काय पाहिजे, बाबा?"

"पोस्टाची पेटी," सरांच्या तोंडून निघालं. "पोस्टाची पेटी कुठं आहे?"

"ते काय, कोपऱ्यावर. चालू हाय का न्हाई काय की."

पेटी चालू होती. पत्र्यावर पत्रं काढून नेण्याची पुढची वेळ साडेचारची लिहिली होती. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. इथून तिच्या दुकानाची पाटी अर्धी दिसत होती. नांदेडहून साडेतीन तास आणलेलं पत्र तिच्याच रस्त्यावरच्या पेटीत टाकणारा माणूस जगात दुसरा नसेल, आणि हे महामायाला सांगितलं की ती वर्षभर हसेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पत्र काढलं, पत्ता वाचला, अर्धं आत सरकवलं. बोटं सोडीनात. मागे कुणी उभं नव्हतं. कुणी बघत नव्हतं. कुणाला भिण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी बोटं सोडली. लगेच, नको ते सुचल्यासारखं, त्यांनी हात फटीत घातला, मनगटापर्यंत. बोटांना आतला गरम पत्रा लागला. पत्र खाली गेलं होतं.